नत्थुजींची जीभ आणि ओमप्रकाशचं मनगट

देवानं नत्थुजी मडघ्यांना वावर दिलं अडीच एकराचं आणि जीभ दिली पाच एकराची. वावराच्या बांधावर हातभर साप दिसला, तर टपरीवर पोचेपर्यंत तो चार हाताचा व्हायचा आणि नत्थुजींनी त्याला शेपटीला धरून तीन गरके फिरवलेला असायचा. त्यांचा झेंडू म्हणे नारळाएवढा. अमरावतीच्या फूलबाजारात त्यांची टोपली उतरली की व्यापारी म्हणे गादीवरून उठून उभे राहतात. चांदूर बाजारजवळच्या टेंभुरझिरीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी मनावर घेत नव्हतं. गावाचा एक सरळ हिशेब होता: नत्थुजी सांगतील ते चारनं भागायचं. साप परत हातभर, झेंडू लिंबाएवढा. भागून झालं की हसायचं आणि चहा प्यायचा.

भागाकाराची गरज नव्हती ती एकाच बाबतीत, त्यांच्या पोरीच्या. प्रतीक्षा एकुलती, वय तेवीस. तीन वर्षं ही पोरगी पहाटे डांबरी रस्त्यावर आठशे मीटर पळाली, आणि फुलं तोडून झाली की वावरातल्या रिकाम्या जागेत लोखंडी गोळा फेकत राहिली. दोनदा भरती हुकली. तिसऱ्यांदा अकोला जिल्ह्याच्या पोलीस भरतीत तिचं नाव निवड यादीत लागलं. त्या दिवशी नत्थुजींनी माणिकबाईच्या टपरीवर येईल त्याला चहा पाजला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाढवून सांगायला काही सुचलं नाही. यादीची प्रिंट दाखवत ते नुसते हसत होते.

आता उरला होता फक्त चारित्र्य पडताळणीचा फॉर्म. त्यात एक ओळ असते, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय म्हणून. मडघ्यांच्या घरात कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढलेलं नव्हतं. त्यामुळं त्या ओळीकडं कोणी नीट पाहिलंही नाही. फॉर्म फडताळात, स्वामींच्या फोटोमागं ठेवून दिला. पुढच्या आठवड्यात द्यायचा होता.

नत्थुजींच्या वावराला लागून ओमप्रकाश काळमेघची संत्र्याची बाग. मधे धुरा, म्हणजे गवताचा बांध, आणि धुऱ्याच्या पायथ्याशी पाण्याची नाली. वीस वर्षांचा शेजार. काळमेघांकडं लग्न निघालं की हार मडघ्यांकडून जायचे, आणि मडघ्यांकडं कोणी आजारी पडलं की संत्र्यांची पिशवी काळमेघांकडून यायची. वैर म्हणाल तर बिलकुल नव्हतं. वैऱ्यानं केलं असतं तर नत्थुजींना एवढं झोंबलंही नसतं.

ऑगस्टातल्या एका बुधवारी ओमप्रकाशनं बागेत तणनाशक फवारलं. वारा पश्चिमेचा होता, सणसणीत, आणि पूर्वेला नत्थुजींचा दसऱ्याचा झेंडू, लावून जेमतेम तीन आठवडे झालेला. असल्या वाऱ्यात शहाणा माणूस पंप पाठीला लावत नाही. गुरुवारी सकाळी नत्थुजी आणि प्रतीक्षा वावरात आले, तर धुऱ्याकडच्या चौदा ओळी करपून माना टाकून पडलेल्या, आणि ओमप्रकाश पुन्हा पंप लावून फवारतोच आहे.

"ओम, वारा कुठून येऊन राहिला ते दिसत नाई का तुले?" नत्थुजी धुऱ्यावर चढले.

"माह्या बागेत मी फवारून राहिलो, काका. वाऱ्याले काय दावं बांधू?"

या उत्तरानं टाळकं फिरलं. नत्थुजींनी पुढं होऊन त्याच्या हातातली फवारणीची स्टीलची नळी धरली. ओमप्रकाशनं सोडली नाही. प्रतीक्षानं मागून येऊन बापाच्या कमरेला मिठी घातली, "बाबा, सोडा, बाबा" म्हणत मागं ओढू लागली. नत्थुजींनी दात खाऊन नळीला एक हिसका दिला, आणि ओमप्रकाश पाठीवरच्या भरल्या पंपासकट नालीत जाऊन पडला. कुठंतरी काड्‌कन वाजलं. तो आवाज ऐकला आणि नत्थुजींचे पाय आपोआप घराकडं वळले. ते भराभरा निघाले, त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

दुपारी ठाण्यातून बोलावणं आलं. ओमप्रकाशचं मनगट सुजून वांग्याएवढं झालं होतं. हवालदारानं त्याची तक्रार लिहून घेतली, एकट्या नत्थुजींच्या नावानं, आणि मग समजावून सांगितलं. "हे अदखलपात्र आहे. एनसी म्हणतात. साधी मारहाण असली की कोर्टाच्या परवानगीबिगर आम्ही तपास करत नाही. पण डॉक्टरानं अमरावतीला एक्स-रेला पाठवलंय याला. हाड मोडलेलं निघालं तर दखलपात्र होईल, मग एफआयआर. कायद्यातले कलमाचे नंबर बदलले, हाडाचा नियम तोच आहे." नत्थुजींनी जबाब दिला, कसलीशी सही केली आणि बाहेर आले. सही करताना हात कापत होता. हवालदारानं ते पाहिलं याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

लाज झाकायला माणसाला काहीतरी लागतं. नत्थुजींकडं जीभ होती.

शुक्रवारी सकाळी माणिकबाईच्या टपरीवर दहा-बारा जण होते. कोणीतरी विचारलंच, "काय नत्थुजी, ठान्यात बोलावलं व्हतं म्हनते?" झालं, गडी सुटला.

"मले काहून बोलावतीन? मी तं हात बी नाई लावला त्याले. माही पोट्टी व्हती ना संग. पोलीस हाय ते आता. कॉलर धरली, उचलला गव्हाच्या पोत्यासारका, अन् दिला नालीत फेकून. अजून ट्रेनिंग बाकी हाय तिचं. बिनाट्रेनिंगचे हे हाल, बाप्पा, ट्रेनिंग झाल्यावर काय होईन?"

टपरी हसली. माणिकबाईसुद्धा गाळणी हातात धरून हसली. सगळ्यांनी मनात चारनं भागलं असेल. पण कोपऱ्यातल्या बाकावर ओमप्रकाशचा साळा विपुल बसला होता आणि त्याचा मोबाईल चालू होता. संध्याकाळपर्यंत नत्थुजींचा आवाज गावच्या तीन ग्रुपांवर फिरला. बागेतून घरी येणाऱ्या ओमप्रकाशला चावडीजवळ कोणीतरी विचारलं, "ओमभाऊ, पोत्याचं वजन किती भरलं?" दुखरा हात गळ्यातल्या झोळीत बांधलेला चाळिशीतला बाप्या, दोन लेकरांचा बाप. त्याच्याच्यानं भागाकार झाला नाही.

शनिवारी सकाळी देवानंद आला. हा देवानंद म्हणजे गावचा पुढारी, गावानं कधी निवडून न दिलेला, पण ठाण्यात आणि तहसिलीत सगळ्यांच्या ओळखीचा. ओसरीवर बसून त्यानं आधी पाणी मागितलं, मग बातमी दिली. अमरावतीच्या एक्स-रेत हाड मोडलेलं निघालं. सरकारी डॉक्टराचं सर्टिफिकेट सोमवारी ठाण्यात येणार. त्याच दिवशी ओमप्रकाश पुरवणी जबाब देणार, आणि त्यात दोन नावं टाकणार. बापाचं आणि पोरीचं.

"पोरीचं काहून?" नत्थुजी उठून उभे राहिले. "पोरीनं काय केलं?"

"ते तुमीच सांगतलं ना गावाले. रेकॉर्डिंग हाय त्याच्यापाशी."

वच्छलाबाई दारात शेवंतीच्या रोपांना बांधायच्या सुतळ्या कापत होत्या. कातर खाली ठेवून त्या नवऱ्याकडं पाहत राहिल्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी या जिभेला हसून घेतलं होतं, भाच्यांपुढं तिची टिंगलही केली होती. आता त्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "पोट्टीनं तीन वर्सं हाडं झिजवली," त्या म्हणाल्या, "अन् तुमी एका चहात विकली." आणि आत निघून गेल्या.

दुपारी ते चांदूर बाजारला वकीलबाईंकडं गेले. दामिनीताईंचं ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. बाई पस्तिशीच्या, बोलायला फटकळ, आणि घड्याळ नेहमी समोर ठेवणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"ठाण्यात सही कशावर केली, काका?"

"जबाबावर."

"वाचून?"

"चष्मा घरी व्हता."

ताईंनी क्षणभर डोळे मिटले. "बरं. आता नीट ऐका. सोमवारी एफआयआर झाली तर आधी तिची नक्कल घ्यायची, ती फुकट मिळते आणि तो आपला हक्क आहे. लगेच उचलून नेतील असं घाबरू नका. असल्या गुन्ह्यात पोलीस आधी नोटीस देतात, त्या तारखेला हजर राहायचं, पळायचं नाही. हाड मोडल्याचं साधं कलम जामीनपात्र आहे, जामीन ठाण्यातच होतो. पण त्यानं जर लिहून दिलं की स्टीलच्या नळीनं मारलं, तर नळी हत्यार ठरू शकते आणि कलम अजामीनपात्र होतं. त्यासाठी मी अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवते, अचलपूरच्या सेशन कोर्टात लावू. पुढंमागं तुमचं दोघांचं जमलं तर कोर्टाच्या परवानगीनं तडजोड होते. नाहीतर नागपूरला हायकोर्टात जाऊन गुन्हाच रद्द करून मागता येतो. रस्ते पुष्कळ आहेत, काका."

"अन् पोरीसाठी?"

"तिलाही हेच रस्ते आहेत. फक्त तिच्याजवळ वेळ नाही." ताईंनी पेन खाली ठेवलं. "टपरीवर बाप काय बोलला त्यावरून पोरीला शिक्षा होत नसते. कोर्टात मी ते दोन मिनिटांत उडवीन. पण ती दोन मिनिटं यायला तीन वर्षं लागतील. तोवर फॉर्मातल्या त्या ओळीपुढं तिला 'होय' लिहावं लागेल. 'नाही' लिहून लपवलं तर नोकरी कायमची गेली समजा. खरं लिहिलं तर वरचे लोक विचार करतात, पण किती दिवस, ते कोणी सांगत नाही."

नत्थुजींनी मग चाचरत देवानंदनं जाताना कानात सांगितलेली युक्ती सांगितली. ओमप्रकाशवर उलटी तक्रार द्यायची, पोरीचा हात धरला म्हणून. विनयभंगाचं नाव घेतलं की तोच पाया पडत येईल.

"खरं आहे का ते?"

नत्थुजी टेबलावरच्या घड्याळाकडं बघू लागले.

"खरं असतं तर मी आत्ता टाइप केलं असतं. खोटं असेल तर मी त्यात नाही. खोटी तक्रार हाच एक गुन्हा आहे. आणि पोरीला कोर्टात शपथेवर खोटं बोलावं लागेल, अंगावर खाकी घालून. तुमचं नुकसान झालंय ना? मग झेंडूचा पंचनामा करून घ्या, फोटो काढा, कृषी सहायकाला वावरात बोलवा. ती खरी तक्रार आहे आणि ती आपण देऊ." उठता उठता ताईंनी बोट रोखलं. "आणि एक. आता तोंड बंद. तो घसरून पडला ही आपली बाजू. ओलं गवत, पाठीवर भरलेला पंप, चांगली बाजू आहे. ठाण्यात दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही, पण टपरीवर चार माणसांत दिलेली होऊ शकते. बायकोशी भांडायचं तरी दार लावून भांडा."

नत्थुजी घरी आले तेव्हा देवानंद कागद घेऊन ओसरीवर बसलेलाच होता. तक्रार लिहून तयार होती, खाली सहीची जागा मोकळी. नत्थुजींनी ती चष्मा लावून वाचली. यावेळी चष्मा होता. वाचताना अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर मनाला बरंही वाटलं. एका सहीत ओम्या गार. पोरगी वाचेल, आपणही वाचू. वकिलीणबाईचं काय जातं बोलायला, त्यांची पोरगी थोडीच भरतीला आहे. देवानंद म्हणत होता, "काळमेघ उद्याच येईन तुमच्या दारी. मी मधात पडतो, दोन्ही तक्रारी मांगं घेऊ. असंच चालते सगळीकडं." वच्छलाबाई दाराआडून म्हणाल्या, "करू द्या सही पोट्टीले." एवढी सरळ बाई, पण तिचाही धीर सुटला होता.

प्रतीक्षा आतून आली. कागद घेतला, उभ्या उभ्याच वाचला.

"बाबा, गुरुवारी तुमी मांगं वळून पाह्यलं नाई."

"काय पाह्यचं व्हतं?"

"मी नालीत उतरली व्हती. ओमकाकाच्या पाठीवर पंप, तोंड चिखलात, उठता येत नव्हतं त्यायले. मी खुरप्यानं पंपाचा पट्टा कापला, बगलेत हात घालून वर काढलं. माह्या दुपट्ट्यानं मनगट बांधून देलं. ते मले म्हनत व्हते, तू जाय बाई इथून, तुह्यावर येईन हे." तिनं कागद बापापुढं धरला. "म्हनून पयल्या तक्रारीत माहं नाव नव्हतं. त्यायनंच नाई टाकलं. अन् आता मी लिहून देऊ का त्यायनं माहा हात धरला?"

देवानंद मोबाईलमधे काहीतरी बघू लागला.

"मले सांगतलं काहून नाई?" नत्थुजी कसेबसे म्हणाले.

"तुमी इचारलं का?"

एवढंच म्हणून तिनं कागदाची घडी केली, देवानंदच्या हातात दिली आणि चुलीपाशी जाऊन भाकरीचं पीठ मळायला बसली. देवानंद चहा न पिता गेला. नत्थुजी ओसरीवर बसून राहिले. त्यांना आपलाच राग येत होता, इतका की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. पोरीनं चिखलात उतरून माणूस वर काढला होता आणि बापानं गावभर सांगितलं होतं की तिनं माणूस फेकला. आणि ती त्याला वर काढत होती तेव्हा बाप कुठं होता, तर अर्ध्या रस्त्यात, घराकडं पळत.

रविवारी सकाळी नत्थुजींनी धुतलेला सदरा घातला. वच्छलाबाईंनी विचारलं कुठं, तर म्हणाले टपरीवर. त्या दारात आडव्या झाल्या. "वकीलबाईनं तोंड बंद ठेवा म्हटलं ना?"

"म्हटलं."

"मंग?"

"बंद ठेवलं तं मी वाचतो," नत्थुजी म्हणाले. "पोट्टी नाई वाचत."

वच्छलाबाई बाजूला झाल्या.

रविवारची टपरी भरलेली होती. नत्थुजींना पाहताच दोघातिघांनी सरकून जागा केली, आता काहीतरी झकास ऐकायला मिळणार म्हणून. विपुल त्याच कोपऱ्यात होता. नत्थुजी बसले नाहीत. सरळ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मोबाईल काढ, विपुल."

विपुल बावचळला. त्याला वाटलं मार बसतो.

"काढ. शुक्रवारवानी चालू कर. झाला? आता आयका सगळे, अन् आज कोनी भागू नका." माणिकबाईनं पाण्याचा पेला पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. "शुक्रवारी मी जे बोललो ते लबाड व्हतं. माह्या पोरीनं ओमप्रकाशले बोट बी नाई लावलं. ते मले मांगून आवरून राहिली व्हती. नळी मी वढली. रागानं वढली, दात खाऊन वढली. तो घसरला नाई, मी वढलं म्हनून पडला. नळीनं मी त्याले मारलं नाई, पन पाडलं मीच."

कोणाचा तरी चहा थंड होत होता.

"अन् तो पडल्यावर मी पयालो. भेलो व्हतो मी. मांगं पाह्यची हिंमत नाई झाली. पोरीनं त्याले नालीतून काढलं, हात बांधून देला. हे मले काल मालूम पडलं, कारन मी तिथं नव्हतोच." ते थांबले. "बस, एवढंच हाय," ते म्हणाले आणि उतरून चालू लागले. पाठीमागं कोणी हसलं नाही. पंचावन्न वर्षांत टपरीनं त्यांचं पहिल्यांदा भागाकार न करता ऐकलं, आणि ऐकलं तेही काय, तर ते भ्याले म्हणून.

दुपारी दामिनीताईंचा फोन आला. रेकॉर्डिंग चांदूर बाजारपर्यंत पोचलं होतं. बाई भडकल्या होत्या. "मी तुम्हाला काय सांगितलं होतं? चांगली बाजू होती आपली, काका. घसरून पडला, संपलं असतं. आता तुमच्या स्वतःच्या तोंडानं तुम्ही ती मोडलीत."

"हाव, ताई. पन ते माही एकट्याची बाजू व्हती, पोट्टीची नाई."

मग ताई म्हणाल्या, "उद्या अकराला ठाण्यात या. मी येते. चष्मा आणा."

सोमवारी ठाण्यात सगळे एका खोलीत आले. टेबलामागं फौजदार, समोर गळ्यात झोळी घेतलेला ओमप्रकाश, त्याच्या शेजारी विपुल. बाहेरच्या बाकावर नत्थुजी आणि दामिनीताई, आणि दार उघडं. प्रतीक्षा घरी थांबली होती. फॉर्म फोटोमागून काढून तिनं सगळा भरला होता, त्या एका ओळीपुढची जागा तेवढी कोरी ठेवली होती.

फौजदारांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट वाचलं. मनगटाचं हाड मोडलेलं, गंभीर दुखापत. त्यांनी कागद पुढं ओढला. "हं, सांगा. आरोपी किती?"

"दोन," विपुल म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं. फिर्यादीला विचारलं."

ओमप्रकाश खाली बघत होता. प्लास्टरातून बाहेर आलेली बोटं तो दुसऱ्या हातानं चोळत होता. बाहेर नत्थुजींनी बाकाची कड धरली. आत जावं, त्याचे पाय धरावेत, असं त्यांच्या मनात दोनदा आलं. ताईंनी न बघता त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि त्यांना खाली दाबलं.

"एक," ओमप्रकाश म्हणाला. "नत्थुजी मडघे."

"भाऊजी," विपुल पुढं झुकला, "पोरीचं—"

"काल तूच आयकवलं ना मले मोबाईलवर? मंग गप्प बस." मग फौजदारांकडं वळून, "नळीनं मारलं नाई, साहेब. हिसका देला, मी पडलो. हात मोडला ते माफ नाई करत मी. बागेचं सारं काम पडून हाय माहं. लिहा तुमी त्याचं नाव."

दामिनीताईंनी हळूच श्वास सोडला. नळी हत्यारात धरली जाणार नव्हती. जामीन इथंच होणार होता. पण ओमप्रकाशचं संपलं नव्हतं.

"अन् साक्षीदारात प्रतीक्षा नत्थुजी मडघे लिहा."

फौजदारांनी मान वर केली. "आरोपीची मुलगी? ती बापाच्या विरोधात कशाला सांगेल?"

"पोट्टी सांगीन," ओमप्रकाश म्हणाला. "सारं तिच्यासमोर झालं. अन् ते पोट्टी खोटं बोलत नाई."

बाकावर दामिनीताईंनी कपाळाला हात लावला. "झालं," त्या पुटपुटल्या, "तुमच्याविरुद्धचा सगळ्यात पक्का साक्षीदार तुमच्याच घरातला. जाते काका ही केस हातची." वळून पाहतात तर नत्थुजींचे डोळे भरून आले होते आणि ते सदऱ्याच्या बाहीनं चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी जामिनाचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि मग सही केली. हात कापला नाही.

तिथूनच त्यांनी घरी फोन लावला. "त्या ओळीपुढं 'नाही' लिहून टाक," ते प्रतीक्षाला म्हणाले. "अन् कोर्टात बोलावतीन तुले कधीतरी. जसं झालं तसं सांगजो. माहा इचार करू नको."

परतताना ते टपरीवर उतरले. माणिकबाईनं न सांगता चहा पुढं ठेवला. बाकावरच्या पाच-सहा जणांतल्या एकानं विचारलंच, "काय झालं, नत्थुजी, ठान्यात?"

नत्थुजींनी चहाचा एक घोट घेतला.

"माह्यावर केस झाली," ते म्हणाले. "पोट्टी साक्षीदार हाय."

टपरी थांबली, पुढं काही येतं का म्हणून. ते चहा पीत राहिले.